पेनकिलर घेताय? आधी पट्टी उलटी करून वाचा

पेनकिलर तोंडात टाकायच्या आधी पट्टी उलटी करायची आणि मागचं बारीक अक्षर वाचायचं, चष्मा लागत असेल तर चष्मा लावून. पुढचं मोठं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, खरं औषध मागे लिहिलेलं असतं. मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा असतो, त्यामुळे हा प्रकार कायम बघतो. नाव वेगळं म्हणजे गोळी वेगळी असंच लोक धरून चालतात. दाढ काढली म्हणून डेंटिस्टने दिलेली केटोरोल चालू असते, मधेच कंबर धरली म्हणून शेजारच्या काकूंकडची झीरोडॉल-पी, आणि रात्री कणकण वाटली म्हणून घरातल्या डब्यातली कॉम्बिफ्लाम, आणि वर म्हणतात मी तर तीन वेगवेगळ्या त्रासांवर तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या. हिशोब मांडा. केटोरोलॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एकाच जातीची तीन औषधं एका दिवसात पोटात, आणि पॅरासिटामॉल दोनदा. दोन मिळून दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटातून रक्तस्राव व्हायची भीती मात्र चांगलीच वाढते. त्यामुळे पहिला नियम हाच, या जातीचं एका वेळी एकच.

मग ही जात ओळखायची कशी? मागे यातलं काही लिहिलेलं असेल तर ती सूज उतरवणारी पेनकिलर आहे: आयब्युप्रोफेन म्हणजे ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, फ्लेक्सॉन. डायक्लोफेनॅक म्हणजे व्होवेरान. ॲसेक्लोफेनॅक म्हणजे झीरोडॉल आणि तिची सगळी भावंडं. निमेसुलाइड म्हणजे नाइस, सुमो. मेफेनॅमिक ॲसिड म्हणजे मेफ्टाल. मग नॅप्रोक्सेन, पायरोक्सिकॅम, केटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब. आणि डिस्प्रिनमधली ॲस्पिरिनसुद्धा, हिला लोक पेनकिलर मानतच नाहीत, "पाण्यात विरघळते म्हणजे साधीच असणार" म्हणतात. नावाच्या मागे पी लागलेला असला की बहुतेक वेळा सोबत पॅरासिटामॉल असतं. एसपी असेल तर वर सेराशिओपेप्टिडेज घातलेलं असतं, त्याने सूज लवकर उतरते म्हणतात पण त्याला भक्कम पुरावा नाही, मला विचाराल तर त्याचे पैसे वाचवले तरी चालतील.

क्रोसिन, डोलो, कॅलपॉल या जातीत येत नाहीत, ते नुसतं पॅरासिटामॉल. ताप आणि दुखणं कमी करतं, सूज फारशी उतरवत नाही, पण पोटाला आणि किडनीला त्या मानाने खूप सौम्य. डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय, ताप आहे, तर सुरुवात इथूनच करायची. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर त्याहून बरीच कमी आणि तीसुद्धा डॉक्टरला विचारून. निम्मी दुखणी एवढ्यावर भागतात पण लोकांना वाटतं "ही काय साधी तापाची गोळी, जरा स्ट्राँग द्या". पाय मुरगळून सुजलाय, दाढेचा ठणका आहे, पाळीच्या कळा आहेत, युरिक ॲसिड वाढून अंगठा लालबुंद झालाय, अशा ठिकाणी सूज उतरवणारी गोळी खरंच कामाची, तिथे उगाच घाबरून दुखणं काढत बसायचं कारण नाही.

आता ही गोळी पोट का बिघडवते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे सूज येते, ठणका लागतो, ताप चढतो. ही औषधं ती रसायनं तयारच होऊ देत नाहीत. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनचं हे कोडं सोडवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. घोळ असा की हीच रसायनं जठराच्या अस्तराला ॲसिडपासून वाचवतात आणि किडनीला रक्तपुरवठा चालू ठेवायला मदत करतात. गोळीला काय माहीत तुमचा गुडघा कुठे आणि किडनी कुठे, ती सगळीकडेच बंद करते. म्हणून "गोळी नको, पोटाला त्रास होतो, सुई मारा" याला फारसा अर्थ नाही. कंबरेत मारलेलं डायक्लोफेनॅकसुद्धा रक्तातून जठरापर्यंत पोचतंच.

किडनीचं किती गंभीर आहे ते गिधाडांवरून कळेल. गुरांना डायक्लोफेनॅक टोचलेलं असायचं, ते जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि किडन्या निकामी होऊन मरायची, आपल्याकडची गिधाडं याच औषधाने जवळजवळ संपवली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरणं चालूच होतं म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनसुद्धा ३ मिलीच्या एका डोसापुरतंच ठेवलं. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही हे खरं, पण तहानलेली, म्हातारी किंवा आधीच दमलेली किडनी असेल तर तिलाही हे औषध सोसत नाही.

तर कुणी घ्यायच्याच नाहीत, किंवा डॉक्टरने सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत? ज्यांना आधी कधी अल्सर झालाय किंवा काळी शी झालीय ते. ज्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं आहे ते. हार्ट फेल्युअर आहे, अटॅक येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, पॅरालिसिस झालाय ते, आणि त्यांनी डायक्लोफेनॅक तर लांबच ठेवायचं. या गोळ्यांनी हार्टचा धोका वाढतो हे जगाला नीट कळलं ते याच जातीच्या रोफेकॉक्सिब नावाच्या गोळीमुळे, ती २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली, पण धोका तिच्यापुरता नव्हता, कमीजास्त प्रमाणात बाकीच्यांतही आहे. दमा असेल आणि विशेषतः नाकात पॉलिप, म्हणजे आतून वाढलेला मांसाचा गोळा, असेल तर ॲस्पिरिनने काही जणांना जोराचा झटका येतो, आणि ज्याला ॲस्पिरिनने येतो त्याला ब्रुफेन, व्होवेराननेही येऊ शकतो, तेव्हा दम्याच्या माणसाने पहिली गोळी एकटं असताना, रात्री झोपताना वगैरे घेऊ नये. पासष्टीच्या पुढे सगळेच धोके वाढतात, तिथे हात आखडूनच.

गरोदर बाईने पाचव्या महिन्यापासून, म्हणजे साधारण विसाव्या आठवड्यानंतर, या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात घ्यायच्या नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तेव्हाही आधी विचारलेलं बरं. डॉक्टर कधीकधी बीपीचा धोका बघून गरोदरपणात छोट्या डोसची ॲस्पिरिन देतात, ती वेगळी गोष्ट, ती हे वाचून बंद करू नका. लहान मुलांना ॲस्पिरिन द्यायची नाही, सोळा वर्षांच्या आत नाहीच. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. मुलाला तापासाठी आयब्युप्रोफेन डॉक्टर देतात पण वजनावर मोजून देतात, थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला नको, आणि कांजिण्या आल्या असतील तर तेही नको.

पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ताप आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग ठेचल्यासारखं झालंय, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन नाही, कॉम्बिफ्लाम नाही, डिस्प्रिन तर नाहीच. डेंग्यूत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात आणि या गोळ्या रक्त गोठायची क्रिया आणखी ढिली करतात. भातलावणीच्या दिवसात चिखलातून आल्यावर ताप आला तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असू शकतो, तो किडनीवरच जातो, तिथेही हेच. याच दिवसात लोक हमखास "दुखतंय पण खूप, स्ट्राँग द्या" म्हणत येतात आणि दुकानदाराने नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात.

बीपीच्या गोळीचं आता नीट वाचा कारण हे फार कमी जण सांगतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त करवणारी गोळी, आणि वर पेनकिलर, ही तीन एकत्र आली की किडनीला तिन्हीकडून पेच बसतो आणि काही दिवसातच क्रिएटिनिन चढू शकतं. आता गंमत बघा, टेल्मा-एच म्हणजे एकच गोळी पण तिच्यात टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही आहेत. म्हणजे तिघांपैकी दोघं रोज सकाळी पोटात जातायत आणि माणूस म्हणतो "मला काही नाही हो, बीपीची एक छोटी गोळी आहे फक्त". अशा माणसाने कंबर दुखते म्हणून आठवडाभर झीरोडॉल घेतली, त्यात उन्हातान्हात फिरला, की तिसरा आलाच. नावाच्या शेवटी एच दिसला तर पेनकिलर मागताना ते आवर्जून सांगा. बीपीचीच दुसरी गोळी अम्लोडिपिन, तिच्यावाल्यांना हा पेच बसत नाही पण पेनकिलरने बीपी मात्र वाढू शकतं, म्हणून बीपी अचानक वर गेलं तर डॉक्टर आधी विचारतात की दुखण्याची काही घेतली का.

रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबॅन असं काही चालू असेल तर स्वतःहून पेनकिलर नाहीच. स्टिरॉइड, लिथियम, मेथोट्रेक्सेट चालू असेल तरी नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्या, एस्सिटालोप्राम वगैरे, यांच्यासोबतही रक्तस्रावाची शक्यता वाढते, आणि या गोळ्या चालू आहेत हे लोक काउंटरवर चार माणसांसमोर सांगत नाहीत, ते समजू शकतो, मग बाजूला बोलवून सांगा नाहीतर चिठ्ठीवर लिहून दाखवा पण सांगा.

इकोस्प्रिन, म्हणजे हार्टसाठीची छोट्या डोसची ॲस्पिरिन, रोज घेणाऱ्यांची आणखी एक गोम आहे. आयब्युप्रोफेन आधी पोचलं तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर बसायची जागाच मिळत नाही, म्हणजे हार्टसाठी घेतलेली गोळी वाया. साधी ॲस्पिरिन असेल तर ती आधी घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास थांबून आयब्युप्रोफेन, किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर आठ तासांनी ॲस्पिरिन. पण इकोस्प्रिनवर आवरण असतं, ती पोटात सावकाश विरघळते, तिला हा अर्ध्या तासाचा हिशोब धड लागू होत नाही, तेव्हा कधीतरी एखादी चालेल का हेसुद्धा डॉक्टरला विचारून, रोज तर नकोच.

बरं, यातलं काही लागू नाही, तब्येत ठणठणीत आहे, पाय मुरगळलाय. मग कशी घ्यायची? सगळ्यात कमी डोस, सगळ्यात कमी दिवस. आयब्युप्रोफेन २०० ने भागत असेल तर ४०० कशाला. ४०० ची असेल तर दिवसात तीनच्या वर नाही, दोन गोळ्यांत सहा ते आठ तास. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० च असतं, तेव्हा तिलाही हाच हिशोब. ॲसेक्लोफेनॅक १०० ची सकाळ-संध्याकाळ, तिसरी नाही. एसआर लिहिलेली गोळी सावकाश विरघळायला बनवलेली असते, ती अर्धी करायची नाही, चावायची नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. केटोरोलॅक फार जोरकस, पाच दिवसांच्या वर कधीच नाही. स्वतःच्या मनाने घेत असाल तर तापासाठी तीन दिवस, दुखण्यासाठी चार-पाच दिवस, त्यात उतरलं नाही तर दुखण्याचं कारण शोधायला हवं, गोळी वाढवून उपयोग नाही. आणि एक गोळी चुकली म्हणून पुढची डबल करायची नाही, दुखत नसेल तर पुढची घ्यायचीच कशाला.

काहीतरी खाऊन घ्या, दूध-बिस्कीट, पोळीचे चार घास, पोह्यांची वाटी, काहीही. त्याने मळमळ जळजळ कमी होते पण अल्सरपासून खात्रीचं संरक्षण मिळतं असं नाही, कारण वर सांगितलं तसं परिणाम रक्तातून होतो. पूर्ण ग्लासभर पाणी प्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच फोड येतात. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचा उपास असेल आणि त्यात पाणीही कमी पिणं होत असेल तर त्या दिवशी ही गोळी टाळलेली बरी. दारूसोबत तर विषयच नको. "सोबत एक पॅन फॉर्टी द्या" म्हणतात, म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी, ते धोका असलेल्या माणसाला खरंच उपयोगी आहे, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, पण ती फक्त जठर आणि त्याच्या पुढचा थोडा भाग सांभाळते. किडनी आणि हार्टला तिचा काही उपयोग नाही. पॅन घेतली म्हणजे आता कितीही पेनकिलर चालतील असा हिशोब करू नका.

जुलाब-उलट्या चालू असताना, दिवसभर उन्हात राबून लघवी गडद पिवळी झालेली असताना या गोळ्या नाहीत. वारीत हे दरवर्षी होतं, रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणं, पाणी कमी, वय साठी-सत्तरीचं, आणि पिशवीत "गुडघ्याची गोळी" सकाळ-संध्याकाळ. ऊसतोडीला जाणारी माणसंही फडात उभं राहता यावं म्हणून पट्टीच्या पट्टी संपवतात, त्यांना आराम करा म्हणणं सोपं आहे, परवडत नाही, तेव्हा निदान पाणी भरपूर, शक्य तिथे गोळीऐवजी पॅरासिटामॉल आणि मलम, आणि सीझन संपल्यावर एकदा क्रिएटिनिन करून घेणं, एवढं तरी.

मलम किंवा जेल हा गुडघ्यासाठी, मनगटासाठी, बोटांसाठी फार चांगला पर्याय आहे आणि लोक त्याला उगाच हलकं समजतात. व्होलिनी, व्होवेरान जेलमध्ये डायक्लोफेनॅकच असतं, पण रक्तात जातं ते गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के. दिवसातून तीन-चार वेळा लावायचं, हलक्या हाताने, आणि एकदा लावून फरक नाही म्हणून सोडायचं नाही, सांध्याच्या दुखण्याला आठवडाभर तरी द्या. वरून शेक द्यायचा नाही, घट्ट पट्टा बांधायचा नाही, जखमेवर लावायचं नाही, आणि हात धुवायचे, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो आणि मग बघायलाच नको. कंबर आणि कुल्ह्यासारख्या खोल जागी मात्र जेलचा फारसा उपयोग होत नाही.

पाळीच्या दुखण्याला मेफ्टाल-स्पास घेणाऱ्या मुलींनी कळा असह्य होईपर्यंत वाट बघू नये, दुखायला लागल्यालागल्या घेतली तर कमी गोळ्यांत भागतं, दोन-तीन दिवसांत बंद. तिच्यात मेफेनॅमिक ॲसिडबरोबर कळ सोडवणारं डायसायक्लोमिन असतं, त्याने तोंड कोरडं पडतं, गरगरतं, स्कूटर चालवायची असेल तर जपून. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधानतेचा इशारा दिला होता, काही जणांना घेतल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनीसुद्धा ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असा प्रकार होतो. हे दुर्मिळ आहे पण पुरळ उठलं तर महिन्याभरापूर्वी घेतलेली गोळीसुद्धा आठवून सांगा.

डोकेदुखीला महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस गोळी लागत असेल तर आता गोळीच डोकं दुखवतेय अशी दाट शक्यता असते. मिश्र गोळ्या असतील, सॅरिडॉनसारख्या, तर महिन्यातले दहा दिवस घेतल्या तरी ही वेळ येऊ शकते. ती सोडवायला डॉक्टरच हवा.

आणि संधिवाताच्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुड्या, ज्यांच्यावर ना नाव ना घटक आणि दोन दिवसांत गुडघे पळायला लागतात, त्यांच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड किंवा पेनकिलरच कुटून घातलेली सापडलीय. एवढ्या लवकर गुण आला तर खूश व्हायच्या ऐवजी शंका घ्या. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, आतलं स्टिरॉइड अचानक थांबलं तर माणूस कोसळतो, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो कधी: शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, लघवी एकदम कमी झाली, पायांवर-चेहऱ्यावर सूज आली, अंगावर पुरळ किंवा फोड उठले, डोळे पिवळे झाले. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, ती चालू असेल तर तसं सांगा, पण स्वतःच "लोहामुळे असेल" म्हणून घरी बसू नका, कारण अल्सर कधीकधी अजिबात न दुखता वाहतो, पेनकिलरनेच दुखणं दाबलेलं असतं ना. छातीत दुखलं, दम लागला, श्वास घेताना घरघर झाली, बोलताना जीभ अडखळली, तर दुसऱ्या दिवसाची वाट नाही, १०८ ला फोन. जाताना घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, रिकाम्या असल्या तरी. आणि त्यासाठीच पट्टीतून गोळ्या कापून घेताना नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. मेडिकलवाल्याने चार गोळ्या कापून दिल्या आणि तुकड्यावर नाव नसेल तर कागदावर नाव आणि डोस लिहून मागा. तो कुरकुर करेल, तरी मागा.